दोन फिल्ममधले सहा आठवडे

"हाड जुळलं का हो?"

गेली सव्वीस वर्षं हा प्रश्न मी रोज ऐकतोय आणि उत्तर द्यायची मला मुभा नाही. मी एक्स-रे टेक्निशियन. नौपाड्यातल्या एका सेंटरवर "पाय सरळ ठेवा, हलू नका, श्वास रोखा" म्हणायचं (श्वास छातीच्या एक्स-रेला रोखायचा असतो, पण सवयीने पायालाही म्हणून जातो) आणि बटण दाबायचं, एवढंच माझं काम. फिल्म वाचायची ती डॉक्टरांनी. म्हणून मी ठरलेलं वाक्य म्हणतो, "रिपोर्ट सहानंतर मिळेल," आणि समोरचा माणूस माझ्या तोंडावर काही वाचता येतंय का ते बघत बाहेर पडतो.

पण रोज बघून डोळा तयार होतोच. हाड जुळायला लागलं की तुटल्या जागेभोवती एक धुरकट छटा येते. पूर्वी डार्करूममध्ये डेव्हलपर जुना झाला की फिल्मवर यायची, अगदी तशी. ती छटा म्हणजे कॅलस. पुढच्या फिल्मवर ती दाट होते, मग तिला कडा येते, मग कधीतरी मूळ फटच शोधावी लागते. पहिले दोन-तीन आठवडे मात्र काही म्हणजे काही दिसत नाही. एक्स-रेला कॅल्शियम दिसतं, बाकी सगळं त्याच्यासाठी सारखंच राखाडी. त्यामुळे त्या दिवसांत हाड नुसतं पडून असतं अशी माझी पक्की समजूत होती. सव्वीस वर्षांत कुणी ती खोडली नाही, कारण मी कुणाला विचारलंच नाही.

ती समजूत खोडली लेकीने. निमित्त झाला माझा भाचा.

गेल्या जुलैत घोडबंदर रोडवर, मानपाड्याच्या जरा पुढे, भर पावसात त्याची बाइक घसरली. उजव्या पायाची नडगी, खालच्या तिसऱ्या भागात. नडगीचं हाड पुढून नुसत्या कातडीखाली असतं, बोटाने चाचपडता येतं. तिथे मांस कमी, रक्तपुरवठा कमी, त्यामुळे ते जुळायलाही कुचराई करतं. ऑपरेशन झालं, आत रॉड टाकला. सहा आठवड्यांनी फिल्म मीच काढली. स्वच्छ. तीन महिन्यांनी काढली, तीही स्वच्छ. एक्स-रेच्या धंद्यात स्वच्छ हा शब्द चांगला, पण इथे तो पोटात गोळा आणणारा होता. पाचव्या महिन्यात तर हाडाची दोन्ही टोकं टोक काढलेल्या पेन्सिलीसारखी निमुळती दिसायला लागली.

न जुळणाऱ्या हाडांच्या दोन तऱ्हा मी बघितल्यात. एकीत कॅलस भरपूर, टोकं फुगून हत्तीच्या पायासारखी झालेली, पण मधली फट तशीच. तिथे शरीर धडपडतंय, पण जागा हलतेय म्हणून पूल बांधला जात नाही. घट्ट बसवलं की बहुतेक वेळा ते हाड जुळतं. दुसऱ्या तऱ्हेत कॅलसचा पत्ताच नसतो. भाच्याचं हे दुसरं होतं. मोठ्या ताईने फोनवर विचारलं, "तू रोज बघतोस ना रे, मग सांग की काय ते." मी म्हटलं, "ताई, डॉक्टर सांगतील." आयुष्यात पहिल्यांदा ते वाक्य बोलताना जीभ अडखळली.

लेक बायोटेकमध्ये एमएस्सी करून खाडीपलीकडे, नवी मुंबईत एका प्रयोगशाळेत प्रोजेक्ट असिस्टंट आहे. सकाळची ठाणे-वाशी पकडून जाते. रविवारीही जाते, कारण म्हणे पेशींना खायला घालायचं असतं. त्या रात्री तिने माझ्या मोबाइलवर ती फिल्म मोठी करून बघितली आणि म्हणाली, "बाबा, इथे निरोप पोचलेला नाही."

मग तिने मला आमच्याच स्वयंपाकघरातली एक गोष्ट आठवून दिली. सातवीत असताना तिने कोंबडीच्या तंगडीचं हाड व्हिनेगरमध्ये आठवडाभर बुडवून ठेवलं होतं. कॅल्शियम विरघळून गेलं आणि हाड रबरासारखं वाकायला लागलं. त्या बरणीवरून हिच्या आईचं आणि हिचं झालेलं भांडण मला चांगलं आठवतं. बरणी लोणच्याची होती. तर, १९६५ मध्ये लॉस एंजेलिसमधल्या मार्शल युरिस्ट नावाच्या हाडांच्या सर्जनने असंच काहीसं केलं. त्याने हाड आम्लात टाकून त्यातलं कॅल्शियम काढून घेतलं आणि उरलेला निर्जीव, मऊ तुकडा सशाच्या स्नायूत ठेवला. स्नायूत, म्हणजे जिथे हाडाचं काही काम नाही अशा ठिकाणी. काही आठवड्यांत तिथे नवं हाड तयार झालं. तुकडा तर मेलेला होता, म्हणजे हाड बांधलं ते सशाच्या स्वतःच्या पेशींनी. त्या मेलेल्या तुकड्यात त्यांना कामाला लावणारं काहीतरी शिल्लक होतं. त्या काहीतरीला १९७१ मध्ये नाव मिळालं, बोन मॉर्फोजेनेटिक प्रोटीन, थोडक्यात बीएमपी. नाव मिळालं तरी वस्तू हातात यायला १९८८ उजाडलं. हाडात ते असतंच इतकं कमी, की किलोंनी हाडं कुटावीत तेव्हा मायक्रोग्रॅममध्ये मोजण्याएवढं हाती लागतं.

मधल्या काळात एक काम झालं, ते मला सगळ्यांत आवडलं. ते दोन भारतीयांचं आहे हेही एक कारण, नाही कशाला म्हणू. कुबेर संपत आणि हरी रेड्डी, साल १९८१. त्यांनी हाडाच्या त्या मऊ तुकड्याचे दोन भाग केले: रसायनात विरघळून बाहेर आलेला अर्क आणि मागे उरलेला चोथा. नुसता चोथा उंदराच्या कातडीखाली ठेवला, हाड नाही. नुसता अर्क, तरी नाही. दोन्ही पुन्हा एकत्र करून ठेवले, हाड आलं. रेड्डींनी याआधी, १९७२ मध्ये, चार्ल्स हगिन्स यांच्याबरोबर दिवसांचा हिशोबही मांडला होता. आठवड्याभरात तिथे कूर्चा (नाकाच्या शेंड्यात असते ती, हाडापेक्षा लवचीक) होते, मग तिच्यात रक्तवाहिन्या शिरतात, साधारण अकराव्या दिवसापर्यंत हाड दिसायला लागतं आणि एकविसाव्या दिवशी त्या इवल्याशा हाडाच्या पोटात मज्जासुद्धा असते.

म्हणजे माझ्या स्वच्छ फिल्मवरचे पहिले तीन आठवडे हे सगळ्यांत गजबजलेले तीन आठवडे असतात.

हाड तुटलं की आधी रक्ताची गाठ होते. तिच्यातल्या प्लेटलेट फुटून पहिले निरोप सोडतात, पीडीजीएफ आणि टीजीएफ-बीटा नावाची प्रोटीनं. हाडाच्या वरचं पातळ आवरण आणि आतली मज्जा, दोन्हीकडे राखीव पेशी बसलेल्या असतात. या निरोपांवर त्या जमा होतात, वाढतात. मग त्या थेट हाड बनवत नाहीत, बहुतेक ठिकाणी आधी कूर्चा बनवतात. का, ते लेकीने सांगितल्यावर मी कपाळावर हात मारला. हाड जेमतेम २ टक्के ताण सोसतं, कूर्चा सुमारे १० टक्के. तुटल्या जागी हालचाल चालू असताना हाडाचा पूल बांधला तर तो रोज तुटेल. म्हणून आधी लवचीक पूल. तो जागा घट्ट करतो आणि मग त्याच्या जागी पक्का पूल येतो. घराला स्लॅब टाकताना आधी सेंटरिंग लावतात तसंच.

बीएमपी पेशीच्या आत शिरत नाही, दारातूनच काम सांगतं. ते कसं, हे लेकीने मला आमच्या सेंटरच्या भाषेत सांगितलं. आमच्याकडे एमआरआयच्या कागदावर दोन सह्या लागतात. पेशीच्या दारावरही दोन प्रकारचे रिसेप्टर, म्हणजे निरोप घेणारी प्रोटीनं, असतात. बीएमपी येऊन त्यांना एकत्र आणतं. मग दुसऱ्या प्रकारचा रिसेप्टर पहिल्यावर शिक्का मारतो. शिक्का खराखुरा असतो, फॉस्फेटचा. शिक्का बसला की पहिला जागा होतो आणि आत उभ्या असलेल्या स्मॅड नावाच्या प्रोटीनवर तसाच शिक्का मारतो: स्मॅड-१, ५ किंवा ८. शिक्का बसलेला स्मॅड, स्मॅड-४ ला बरोबर घेऊन पेशीच्या केंद्रात, म्हणजे साहेबांच्या केबिनमध्ये जातो. तिथे ज्या जनुकांना जाग येते त्यात मुख्य आहे रंक्स-२. तो चालू झाला की पेशीचं ठरलं, आता हाडाच्या मार्गाला लागायचं.

रंक्स-२ वरून मला माझाच एक जुना किस्सा उलगडला. बारा-तेरा वर्षांपूर्वी एका मुलाचा छातीचा एक्स-रे काढला, आणि फिल्मवर दोन्ही कॉलर बोन जवळजवळ नाहीतच. मला वाटलं माझंच पोझिशनिंग चुकलं. पुन्हा काढला, तेच. मुलगा हसत होता. त्याने दोन्ही खांदे पुढे आणून छातीसमोर एकमेकांना टेकवून दाखवले. रेडिओलॉजिस्टनी रिपोर्टात एक लांबलचक नाव लिहिलं, ते मी विसरून गेलो. लेकीने ते सांगितलं, क्लायडोक्रेनियल डिसप्लेसिया. रंक्स-२ च्या दोन प्रतींपैकी एक बिघडलेली असते. १९९७ मध्ये दोन्ही प्रती काढून टाकलेले उंदीर तयार केले गेले. त्यांचा सांगाडा पूर्ण होता, पण सगळा कूर्चेचा. हाड कुठेच नव्हतं, आणि जन्मल्या जन्मल्या ते मेले. ते उंदीर माझ्या टेबलावर ठेवले असते तर फिल्म जवळजवळ कोरी आली असती.

एका रविवारी मी तिच्याबरोबर प्रयोगशाळेत गेलो. बाहेर चपला, आत वेगळ्या चपला, डोक्याला टोपी. मला वाटलं होतं काहीतरी भव्य असेल. तळहाताएवढ्या प्लास्टिकच्या बशा आणि त्यात रूहअफजासारखं गुलाबी पाणी. ३७ अंश, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड. पाणी पिवळट झालं की समजायचं पेशींनी खाऊन घाण केली, बदला. सूक्ष्मदर्शकातून त्या पेशी लांबट, दोन्हीकडे निमुळत्या, बांगड्याच्या पिल्लांचा थवा असावा तशा. या मज्जेतल्या पेशी प्लास्टिकला चिकटतात आणि बाकीच्या धुऊन जातात, अशी त्यांची साधी ओळख अलेक्झांडर फ्रिडेनस्टाइन या सोव्हिएत शास्त्रज्ञाने दाखवून दिली होती. मेसेन्कायमल स्टेम सेल हे नाव त्यांना १९९१ मध्ये अरनॉल्ड कॅप्लननी दिलं, आणि पुढे लोक त्या नावावर काहीही विकायला लागले तेव्हा हे नाव बदला म्हणून तेच मागे लागले.

दोन बशांत एकाच कुपीतल्या पेशी होत्या. एका बशीला क जीवनसत्त्व, फॉस्फेटचा पुरवठा आणि थोडं डेक्सामेथासोन नावाचं स्टेरॉइड. दुसरीला इन्शुलिन, आणखी एक-दोन रसायनं आणि तेच डेक्सामेथासोन, पण जास्त मात्रेत. तीन आठवड्यांनी पहिलीवर अलिझरिन रेड नावाचा रंग ओतला की कॅल्शियम जिथे साचलंय तिथे बशी लालभडक होते. दुसरीत पेशींच्या पोटात चरबीचे थेंब चमकतात. पेशी त्याच. हाड व्हायचं की चरबी, हे त्यांनी काय ऐकलं त्यावर ठरलं.

"आणि बीएमपी भरपूर ओतलं तर?" मी विचारलं. कारण ताईच्या हातात तेव्हा एक चकचकीत माहितीपत्रक आलं होतं. कुठल्या क्लिनिकचं ते राहू दे. पोटाच्या चरबीतून स्टेम सेल काढायच्या, ग्रोथ फॅक्टर मिसळायचे आणि तुटल्या जागी इंजेक्शन, साडेतीन लाख. ताई गावची जमीन विकायच्या गोष्टी करत होती.

लेक म्हणाली, पेशीसुद्धा भरपूर ऐकून घेत नाहीत. बीएमपी आलं की त्या स्वतःच नॉगिन नावाचं प्रोटीन सोडतात, ते बीएमपीला बाहेरच धरून ठेवतं. निरोप वाढला की त्याला आवर घालणारंही वाढतं. हा आवर सुटला तर काय होतं, ते तिने मला परतीच्या गाडीत दाखवलं, आणि घणसोली ते ऐरोली मी गप्प बसून होतो. एफओपी नावाचा आजार, दहा-वीस लाखांत एखाद्याला. मूल जन्मतं तेव्हा पायाचे अंगठे आखूड आणि आत वळलेले असतात, एवढीच खूण. पुढे कुठे आपटलं, नुसतं स्नायूत इंजेक्शन दिलं, तरी त्या स्नायूचं हाड होत जातं. कापून काढलं तर आणखी हाड. कारण सापडलं २००६ मध्ये. बीएमपीच्या त्या पहिल्या प्रकारच्या एका रिसेप्टरमध्ये, एसीव्हीआर-१ मध्ये, एका जागी एक अमिनो आम्ल बदललेलं. सही नसताना कागद पुढे सरकतो, एवढाच बिघाड. त्यात अख्खा माणूस हळूहळू जागच्या जागी कुलूपबंद होतो.

औषध म्हणून बीएमपी-२ आहे. अमेरिकेत २००२ मध्ये कमरेच्या मणक्यांसाठी आणि २००४ मध्ये नडगीच्या उघड्या फ्रॅक्चरसाठी त्याला मान्यता मिळाली. कोलॅजनच्या स्पंजात भिजवून ठेवतात, मिलिग्रॅममध्ये, म्हणजे शरीराच्या स्वतःच्या साठ्याच्या मानाने महापूर. मानेच्या मणक्यात वापरलं तेव्हा काही रुग्णांच्या गळ्याला सूज येऊन श्वास अडला आणि २००८ मध्ये तिथल्या औषध प्रशासनाला इशारा काढावा लागला. नको तिथे हाड झाल्याच्याही नोंदी आहेत. नीट मोजून, नीट जागी वापरणाऱ्या सर्जनच्या हाती ते कामाचं आहे, यात वाद नाही. माहितीपत्रकवाल्या सिरिंजबद्दल मात्र माझं मत मी ताईला स्पष्ट सांगितलं. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार हे असलं सगळं मान्यताप्राप्त चाचणीतच करायचं असतं, दुकान मांडून नाही. ताई दोन दिवस बोलली नाही. मग म्हणाली, "तू टेक्निशियन ना, तुला काय कळतं." तिचं बरोबरच होतं, पण जमीन वाचली.

सर्जननी मार्चमध्ये जे केलं ते फार जुनं आहे. रॉड काढला, हाडाची मेलेली टोकं रक्त दिसेपर्यंत खरवडली, कमरेच्या हाडातला मऊ भाग काढून फटीत भरला, नवा जाड रॉड. पूर्वी मी बोन ग्राफ्टला नुसती भरणी समजायचो, खड्ड्यात खडी टाकतात तशी. आता कळतं, त्या चमचाभर भुश्यात पेशी आहेत, संपत-रेड्डींचा चोथा आहे आणि त्यातच जागच्या जागी मुरलेला अर्क आहे, शरीराने स्वतःच्या मापाने घातलेला. टोकं खरवडून काढलेल्या रक्ताची गाठ होते, म्हणजे पहिला निरोपही नव्याने जातो. लेकीने एका प्रयोगाचं सांगितलं होतं. २००६ मध्येच, ज्यांच्या पायांत फक्त बीएमपी-२ नाही असे उंदीर केले. हाडं झाली, पण बारीक तडे गेले ते भरलेच नाहीत. बाकीची बीएमपी हजर असून सुरुवातच झाली नाही. भाच्याच्या पायात नेमकं काय अडलं ते कुणी मोजलेलं नाही.

एक गोष्ट मात्र सापडली. ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांनी ताईसमोरच विचारलं, "सिगरेट किती?" भाचा म्हणाला, "नाही ओढत." डॉक्टर नुसते बघत राहिले. मग आवाज आला, "आठ-दहा." सिगरेटने हाड जुळायला उशीर होतो हे मी कितीतरी पेशंटना माझ्या मर्यादेबाहेर जाऊन सांगितलंय. घरातल्याला विचारायचं सुचलं नाही. ताईचा चेहरा मी इथे वर्णन करत नाही.

आता त्याला पायावर वजन टाकायला सांगितलंय. तो घाबरतो. मी त्याला लेकीकडून ऐकलेलं सांगतो. हाडात गाडलेल्या पेशी एरवी स्क्लेरोस्टिन नावाचा ब्रेक सोडत बसतात. वजन पडलं की तो कमी सोडतात, आणि हाड बांधणाऱ्यांना रान मोकळं होतं. त्याच ब्रेकवरचं औषध अमेरिकेत २०१९ पासून ठिसूळ हाडांसाठी मिळतं. तुला फुकट मिळतंय, चाल. तो म्हणतो, "मामा, तू आधी बरा होतास, काही बोलायचा नाहीस."

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात फिल्म काढली. एपी (समोरून) एक, लॅटरल (बाजूने) एक. लॅटरल हलली म्हणून पुन्हा काढली. हलली ती माझ्या घाईने, त्याने नाही. हाडाच्या कडा मोजायच्या चार, दोन या फिल्मवर, दोन त्या. तीन कडांवर पूल दिसला की जुळलं म्हणायची पद्धत आहे. मागच्या बाजूला पूल आहे. आतल्या बाजूला आहे, पातळ, पण आहे. बाहेरच्या बाजूला ती जुन्या डेव्हलपरसारखी छटा. पुढची कड कोरी.

भाचा आमच्या इथल्या एका गोविंदा पथकात तिसऱ्या थराला असतो. टेबलावरून उतरताना त्याने जुळलं का विचारलंच नाही. विचारलं, "यंदा हंडीला नुसतं खाली उभं राहिलो तर चालेल?"

पुढची तारीख आषाढी झाल्यावरची आहे.